सासूसकट बी. ए.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कुलगुरूंच्या बंद पडलेल्या मोटारीला मागून धक्का मारत होत्या. कुलगुरू आत बसले होते. बाईंच्या दोन्ही बाजूंना दोन शिपाई होते आणि धक्का मारता मारता बाई त्यांना रजेच्या नियमातलं एक कलम समजावून सांगत होत्या. मोटार सुरू झाली, कुलगुरूंनी खिडकीतून हात हलवला, आणि बाई हात झटकत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही नवीन ना? मग नुसते बघत काय उभे होता?" मी त्याच सकाळी रुजू व्हायला आलो होतो. सुरुवातच अशी झाल्यामुळे पुढे मी कायम बाईंना वचकून राहिलो. बदली मागावी असं मात्र कधी वाटलं नाही.

सत्तरनंतरची वर्षं होती ती. बाई मूळच्या अर्थशास्त्राच्या. पण विद्यापीठाचं एक 'बहिःशाल' नावाचं खातं होतं, म्हणजे विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, वस्त्यांत नि खेड्यांत जाऊन व्याख्यानं करायचं खातं. ते कोणालाच नको होतं. प्राध्यापक मंडळी तिकडे नाव निघालं की आजारी पडत. बाईंनी ते मागून घेतलं. खात्याला जागा मिळाली ती सायकल स्टँडच्या मागची, आणि माणूस मिळाला तो मी.

बाईंचं विद्यापीठाबद्दलचं मत मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या म्हणाल्या, "या शहरात आपला उपयोग काय आहे सांगू? पत्ता सांगायला. 'विद्यापीठाच्या फाटकापासून डावीकडे वळा.' सगळे डावीकडे वळतात. आत कोणी येत नाही." हे त्यांनी सिनेटच्या एका सभासदालाही ऐकवलं होतं. तो बिचारा खरंच पत्ता विचारायला आला होता.

धुवट पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम आणि काखेत गुंडाळलेली सतरंजी. सतरंजी कशाला, तर गावात खुर्च्या मांडल्या की अर्धा वेळ त्या मांडण्यात आणि उरलेला अर्धा कोण कोणाच्या शेजारी बसलं यावर रुसण्यात जातो, असं बाईंचं निरीक्षण होतं. सतरंजी अंथरली की भांडण मिटतं. हार आणला तर त्या घालून घेत नसत. एका सरपंचांनी फारच आग्रह केला तेव्हा बाईंनी तो हार घेतला आणि त्यांच्याच बैलाच्या गळ्यात घातला. सरपंच रागावले नाहीत. बैल चांगला होता, आणि त्याचं कौतुक व्हावं असं त्यांना बरेच दिवस वाटत असावं.

पण बाईंचा खरा वेडेपणा वेगळाच होता. त्यांचा नियम असा, की आधी प्रश्न आणि मग व्याख्यान. गावाला काही विचारायचं नसेल तर आपण काही सांगायचं नाही.

नागपूरजवळच्या कुहीच्या पुढे धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, चालत जावं लागे अशा एका गावी आम्ही प्रथम गेलो, तेव्हा मी पंचवार्षिक योजनांवर जंगी तयारी केली होती. गाव जमलं होतं. भोंगा लावला होता. बायका एका बाजूला डोईवर पदर घेऊन बसल्या होत्या. बाईंनी सतरंजीवर मांडी घातली आणि विचारलं, "बोला, तुम्हाला आमच्याकडून काय समजून घ्यायचं आहे?"

गाव गप्प. खूप वेळ गप्प. मी घसा साफ केला तर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बंद झाला. शेवटी त्या उठल्या. "प्रश्न नाही तर व्याख्यान नाही. पुढच्या गुरुवारी येतो." आम्ही परत आलो. वाटेत मी म्हटलं, "बाई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत ना! काहीतरी म्हणावं म्हणूनच तर गेलो होतो."

पुढच्या गुरुवारी तेच. फक्त एका म्हाताऱ्यानं विचारलं, की भोंग्याचं भाडं भरून ठेवलं आहे, तर निदान एखादं गाणं तरी लावता का. बाई म्हणाल्या, हा प्रश्न ग्रामपंचायतीचा आहे.

तिसऱ्या गुरुवारी बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. उंच, काळीसावळी, कपाळावर आडवं कुंकू असलेली बाई उभी राहिली होती. तिचं नाव भागाबाई. घरची शेती होती, मिरची आणि धान पिकवणारं खातंपितं घर. तिच्या मागे तिची सून सुमन मान खाली घालून बसली होती.

"मले एक इचाराचं हाये," भागाबाई म्हणाली. "हे माही सून मॅट्रिक पास हाये. म्हणते का कॉलेजात न जाता घरी बसूनच बी. ए. होता येते. मले वाटते हे मले बनवून राहिली. तुमी इद्यापीठाच्या बाया. खरं काय ते सांगा."

मला त्या आवाजातली आशा स्पष्ट ऐकू आली. विद्यापीठानं चारचौघांत 'नाही' म्हणावं आणि घरातली कटकट एकदाची मिटावी, एवढ्यासाठी ती उभी राहिली होती.

बाईंचा चेहरा उजळला. "सून खरं बोलते आहे. बायकांना बाहेरून परीक्षा देता येते. पुस्तकं आम्ही देऊ. दर गुरुवारी येऊन शिकवू. फक्त परीक्षेला नागपूरला यावं लागेल."

"मंग झालं," भागाबाई समाधानानं खाली बसत म्हणाली. "आमी सुना परक्याच्या घरी ठेवत नसतो."

"नकाच ठेवू. तुम्ही पण या. माझ्या घरी राहा, तिच्यावर लक्ष ठेवा."

भागाबाई अर्धी बसलेली पुन्हा उभी राहिली. "मी? मी कायले येऊ? मी का परीक्षा देऊन राहिलो?"

"तुमचा विरोध आहे ना? मग विरोध करणारं माणूस सोबत हवंच. नाहीतर पोरीला सारखं वाटत राहणार, घरी काय चाललं असेल. पेपर कसा लिहील ती?"

गाव हसलं. भागाबाई हसली नाही. तेव्हापासून तो बाईंचा नियमच झाला. बाहेरून परीक्षा देणाऱ्या कुठल्याही मुलीनं यावं, पण घरात ज्याचा सगळ्यात जास्त विरोध असेल त्याला घेऊन यावं. एकटी आलेली चालणार नाही.

हा काय प्रकार असेल याची कल्पना, ज्यांनी एप्रिल महिन्यात बाईंचं नागपुरातलं सक्करदऱ्याचं घर पाहिलं नाही त्यांना यायची नाही. तळ्यापासून जवळ, पुढे पडवी, मागे पेरूचं झाड असलेलं लहानसं घर. त्यात चार-पाच सुना आणि तेवढ्याच सासवा. सुना आतल्या खोलीत पुस्तकं घेऊन, सासवा पडवीत. बाईंना स्वयंपाक येत नव्हता. चुलीवर चहा ठेवून त्या वर्तमानपत्र वाचायला बसत आणि चहाचा वास जळका येईपर्यंत त्यांना काही आठवत नसे. सासवांनी पहिल्याच सकाळी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि वरणात गूळ घालायचा की नाही यावरून दोन तट पडले. बाई दोन्ही वाट्या घेऊन दोन्हीकडचं वरण जेवायच्या आणि मत विचारलं की म्हणायच्या, "मी परीक्षक नाही."

बाईंनी लग्न का केलं नाही हे विचारायची विद्यापीठात कोणाची छाती नव्हती. भागाबाईनं ते पहिल्याच दिवशी भाजी निवडता निवडता विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या.

"मंग तुमीच इचारून पाह्याचं होतं ना! लोकायले त इचारायले शिकवत फिरता."

मी दचकून बाईंकडे पाहिलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यानंतर त्या दोघींचं जमलं, म्हणजे रोज भांडण होऊ लागलं.

सुना पेपर लिहीत तेव्हा सासवा परीक्षेच्या हॉलबाहेर कडुनिंबाखाली बसत. त्यांचा खालचा आवाजसुद्धा आपल्या चढ्या आवाजाएवढा. केंद्रप्रमुखांनी तक्रार केली. बाईंनी मग त्यांना तिथून हलवलं आणि विद्यापीठ दाखवायला नेलं. ग्रंथालय दाखवलं, तिथे एका सासूनं विचारलं की इतकी पुस्तकं झाडतं कोण. वनस्पतिशास्त्राची बाग दाखवली. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवा लागला की बटण दाबायचं एक यंत्र होतं. माणसाला किती पटकन सुचतं ते त्यावर मोजत. सगळ्यांनी दाबून पाहिलं. भागाबाई सर्वांत चपळ निघाली. त्या संध्याकाळी सुमन घाबऱ्याघुबऱ्या पेपर लिहून बाहेर आली तर सासू म्हणाली, "तुहा पेपर कसा गेला ते मंग सांग. माहा पयला नंबर आला वं!"

कुलसचिवांनी बाईंना बोलावून विचारलं, की सासवांना यंत्रं दाखवणं बहिःशाल खात्याच्या कोणत्या उद्दिष्टात बसतं. बाई म्हणाल्या, "पहिल्या. विद्यापीठ लोकांपर्यंत नेणे." कुलसचिव म्हणाले, पण लोकच इथे आले आहेत. बाई म्हणाल्या, "मग तर प्रवासखर्चही वाचला." त्यानंतर त्यांनी विचारणं सोडून दिलं.

बाईंच्या या धडपडीतून किती बायका शिकल्या असं मला आजही कोणी विचारतं. मी सांगत नाही, कारण बाईंना ते आवडायचं नाही. त्या काहीशा तुसड्याच होत्या. आभार मानायला आलेल्यांना त्या पडवीतूनच वाटेला लावत. चुकीचं इंग्रजी लिहिलं तर वही भिरकावून देत. एकदा एका मुलीचा नवरा 'विरोध करणारा' म्हणून आला आणि दिवसभर पाय पसरून चहा मागू लागला, तेव्हा बाईंनी त्याला अंगण झाडायला लावलं आणि वर म्हणाल्या, कोपरे राहिले. त्यांच्या चांगुलपणात मऊपणा नव्हता. पण सुमन बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आली त्या एप्रिलमध्ये मी बाईंना एकदा निरुत्तर झालेलं पाहिलं, आणि ते मला कोणत्याही यशापेक्षा जास्त आठवतं.

सुमनचे शेवटचे दोन पेपर उरले होते, सोमवारचा आणि बुधवारचा. शुक्रवारी दुपारी भागाबाईचा दीर निरोप घेऊन आला. भागाबाईची मुलगी कमल लग्नाची होती. भिवापूरकडचं एक चांगलं स्थळ बरेच दिवस चाललं होतं आणि रविवारी पाहुणे पोरगी बघायला येणार होते. मालकांनी, म्हणजे भागाबाईच्या नवऱ्यानं, सांगितलं होतं, की सासू-सुना दोघींनी ताबडतोब निघावं.

मी त्या वेळी पुस्तकं पोचवायला आलो होतो. बाई पडवीत, मी पायरीवर.

"दोन पेपर ऱ्हायले भाऊजी," भागाबाई दिराला म्हणाली. "पाव्हणे पुढच्या हप्त्यात नाही का येनार?"

"त्यायले सवड नाही वहिनी. आन् घरची मोठी सून घरात नसंल त पाव्हणे काय म्हणतीन? सून कुठं गेली, त म्हणे नागपूरले, कोणा परक्या बाईच्या घरी. हे सांगाले बरं दिसते का?"

बरं दिसणार नव्हतं. ते तिथल्या सगळ्यांना कळत होतं. सून घरात आहे का, तिची वागणूक कशी, यावरून त्या घरातल्या मुलीची पारख होते. सुमन थांबली तर कमलची सोयरीक जाईल. सुमन गेली तर बी. ए. जाईल. पुढल्या वर्षी पुन्हा बसता आलं असतं, पण सुमनला तेव्हा दिवस गेले होते. पुढल्या वर्षी तान्हं मूल घेऊन तिला कोणी पाठवलं नसतं, हेही सगळ्यांना कळत होतं.

सुमन आतून आली. "मी येतो आत्याबाई," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन लुगडी गोळा करू लागली. ती रडत होती, पण आवाज न करता.

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता बाई सुटतील. कलम सांगतील, स्त्रियांच्या शिक्षणावर बोलतील, दिराला अंगण झाडायला लावतील. बाई मांडीवरचं वर्तमानपत्र नीट घडी करत बसल्या.

भागाबाईच चिडली. "तुमी काहून चूप हाव? बाकी टायमाले त तोंड बंद होत नाही तुमचं! सांगा ना, काय करू मी?"

"मला उत्तर येत नाही," बाई म्हणाल्या.

"काहून येत नाही? इद्यापीठात हाव ना तुमी?"

"पोरगी तुमची आहे, भागाबाई. सूनही तुमचीच आहे. दोघींपैकी कोणाचंही नुकसान झालं तरी ते मला सोसावं लागणार नाही. जे माझं जाणार नाही, ते तुम्ही घालवा असं मी कोणत्या तोंडानं सांगू?"

भागाबाईनं मग नळावर जाऊन तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि आपलं गाठोडं बांधलं. कुहीची एस. टी. बाईंच्या घरावरून जायची, हात दाखवला की थांबायची. आम्ही सगळे रस्त्यावर येऊन उभे राहिलो. दीर पुढे, मागे भागाबाई, आणि त्यामागे पिशवी घेतलेली सुमन.

गाडी आली. दीर चढला. सुमननं पायरीवर पाय ठेवला तशी भागाबाईनं तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि माझ्याकडे दिली.

"तू कुठं चालली वं?"

"आत्याबाई, पाव्हणे..."

"पाव्हण्यायचं मी पाहून घेईन. सांगन का सून बी. ए. च्या परीक्षेले बसली हाये. खोटं कायले सांगू?" मग तिनं आवाज चढवला. सबंध गाडी वळून बघू लागली. "आन् पेपर झाल्याबिगर गावात आली ना, त दारात उभी करणार नाही! ध्यानात ठेव!"

कंडक्टरनं घंटी मारली. बाईंनी सुमनच्या खांद्यावर हात ठेवला होता. 

सुमननं दोन्ही पेपर लिहिले. परीक्षेनंतर आमचे गुरुवार उन्हाळ्यापुरते बंद होते. जूनमध्ये निकाल लागला, ती पास झाली, तेही सेकंड क्लासमध्ये. बाई खुशीत होत्या. त्यांनी मला चना-पोहे खाऊ घातले, जे त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं. त्याच दुपारी त्या गावचे मास्तर खात्यात आले आणि बोलता बोलता सांगून गेले, की भागाबाईच्या घरी पाहुणे जेवले, हसले, आणि तिसऱ्या दिवशी नकार कळवला. ज्या घरची सून अशी बाहेर राहते तिथली पोरगी नको, असं स्पष्ट सांगितलं म्हणे.

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुहीच्या गाडीत होतो. बाईंनी त्या दिवशी नुसती तिकिटं घेतली. एरवी त्या कंडक्टरलाही शिकवायच्या.

भागाबाई पडवीत वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. सुमनचे दिवस भरत आले होते, ती माहेरी गेली होती. कमल आत भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज येत होता. मालक आम्हाला पाहताच शेताकडे निघून गेले. त्यांचा राग मला समजत होता.

बाई खाटेवर बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भागाबाई, मी विचारायला आले आहे. कमलची सोयरीक माझ्यामुळे मोडली. आता मी काय करू?"

भागाबाई मिरच्या खुडत राहिली. 

"मले बी लागलं बाई. चार दिवस जेवली नाही मी. मालक अजून धड बोलत नाही माह्यासंग." मग तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. आतला भाकरीचा आवाज बंद झाला होता. "पण मी पोरीले इचारलं. म्हटलं, तुहं नुकसान झालं. त ते म्हणे, माय, सोयरीक मोडली, मी त नाही ना मोडली."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत, आणि मलाही माझे लपवता आले नाहीत.

"रडता काय आता?" भागाबाई मिरचीचा हात लुगड्याला पुसत म्हणाली. "तुमी इचारलं ना, काय करू म्हणून? सांगतो. हे पोट्टी मॅट्रिकले नापास होऊन घरी बसली हाये. तिले बसवा परीक्षेले."

बाई मिरच्यांशेजारीच खाली बसल्या. नाक पुसलं, चष्मा पुसला, आणि आतल्या अंधाराकडे पाहून नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "कमल, कोणत्या विषयात गेलीस गं?"

"गणितात," आतून उत्तर आलं. आणि थोडं थांबून, "इंग्रजीत बी."